डिजिटल मिक्सरची स्क्रीन: फिल्म, टेम्पर्ड काच की कडक झाकण?

नवा डिजिटल मिक्सर आला की बहुतेक साउंडवाल्यांची पहिली धाव नाशिकच्या एम. जी. रोडच्या मोबाइलवाल्यांकडे: 'भाऊ, सात इंची टेम्पर्ड मारून दे.' मोबाइलची सवय, दुसरं काय. पण मोबाइल हातातून पडतो, मिक्सर पडत नाही. त्याची स्क्रीन जाते ती बहुतेक टेम्पोत, नाहीतर साउंडचेक आणि कार्यक्रमाच्या मधल्या वेळेत, जेव्हा कुणीतरी 'दोन मिनिटं' म्हणून त्यावर माइक, टॉर्च किंवा लॅपटॉप ठेवतं. म्हणून पैसे कुठे घालायचे हे आधी यावरून ठरवा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लास्टिकची फिल्म. ती ओरखडे अडवते, बाकी काही नाही. तेवढं तरी चांगलं अडवते, आणि खराब झाली की सोलून दुसरी लावता येते. ग्लॉसी घ्यायची की मॅट, हे तुमच्या कामावर आहे. लॉन्सवरची दुपारची लग्नं जास्त करत असाल तर मॅटच घ्या. मॅटमुळे बारीक अक्षरं किंचित पुसट दिसतात, पण उन्हात आवाजाच्या मीटरऐवजी स्वतःचा चेहरा दिसण्यापेक्षा ते परवडलं. कालिदास कलामंदिरासारख्या बंदिस्त नाट्यगृहात मॅटची काही गरज नाही.

टेम्पर्ड काच दिसायला भक्कम, आणि छोट्या-मोठ्या ठोक्याला ती खरंच उपयोगी पडते. मात्र पाकिटावरच्या '9H' ला भुलू नका. तो पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्स मापनावर काच साडेपाच-सहाच्या आसपास बसते आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर. म्हणजे मंडपातली धूळ कोरड्या फडक्याने रगडून पुसलीत तर 9H वरही रेघा उठणारच. आधी ब्रशने किंवा हवेने धूळ उडवा. मग मायक्रोफायबरच्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. स्क्रीनवर थेट फवारा नको, कडेच्या फटीतून आत जातो. अमोनियाचा काच-क्लीनर तर लांबच ठेवा.

काचेचा मोठा घोळ वेगळाच आहे. काही जुन्या मिक्सरच्या टचस्क्रीन रेझिस्टिव्ह असतात, म्हणजे वरचा थर बोटाच्या दाबाने वाकतो तेव्हाच टच लागतो. त्यावर काच चढवली की थर वाकत नाही, आणि ऑपरेटर भर कार्यक्रमात स्क्रीन ठोकत बसतो. हातमोजा घालून बोट दाबून पाहा. तरी चालली तर बहुधा रेझिस्टिव्ह. तिथे फक्त पातळ फिल्म. बेहरिंगर एक्स32 ची 7 इंची स्क्रीन मुळात टचची नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. नेमप्लेटवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकचा पातळ तुकडा मापात कापून घेतला तरी भागतं.

आता कडक झाकण. डेकसेव्हरसारख्या कंपन्या ठरावीक मॉडेलच्या मापाची पॉलीकार्बोनेटची झाकणं बनवतात. फिल्मचा हिशोब शेकड्यांत, यांचा हजारांत. तरी दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर माझं मत झाकणाला. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदाच्या) आसपास काम असो की गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर, गर्दीतून काय उडून येईल याचा नेम नसतो. साउंडचेक झाला, मिक्सर बंद केला की झाकण टाकायचं, माइक त्यावर ठेवला तरी बिघडत नाही. झाकण मिक्सरच्या कडांवर टेकलं पाहिजे, नॉबवर नव्हे, एवढं बघून घ्या. रेक्झिनचं कव्हर धुळीपुरतं ठीक. वरून वजन पडलं तर ते सरळ स्क्रीनवर येतं. आणि चालू मिक्सरवर कुठलंच कव्हर टाकू नका, खालची गरमी जायला जागा उरत नाही.

टेम्पोतून नेणाऱ्याला फ्लाइट केसशिवाय (आतून फोम लावलेल्या कडक पेटीशिवाय) गत्यंतर नाही, पण कधी कधी केसच स्क्रीन फोडते. झाकणाच्या आतला फोम जाड असेल तर कसारा घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला तो स्क्रीनवर दाब देतो. घरीच तपासता येतं. स्क्रीनवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, कोपऱ्यात कणकेची छोटी गोळी ठेवायची, केस बंद करून कड्या लावायच्या. गोळी चपटी झाली तर फोम किती खाली येतोय ते तिच्या उरलेल्या जाडीवरून कळतं. स्क्रीनच्या वरचा फोम तेवढा कापून टाका आणि झाकणाचा भार कडांच्या फोमवर येऊ द्या. थंडीत निफाडकडून पहाटे परतलेली केस उबदार हॉलमध्ये लगेच उघडू नका. आतल्या गार स्क्रीनवर दव धरतं. अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्या.

2026-27 च्या सिंहस्थासाठी सेट भाड्याने फिरवायचा विचार असेल तर क्रम असा: आधी केसचा फोम, मग कडक झाकण, फिल्म शेवटी. मिक्सर एकाच हॉलमध्ये कायम बसणार असेल तर केस सोडा, झाकण आणि फिल्म पुरे. टेम्पर्ड काच फक्त त्याच टचस्क्रीनवर, जिथे कडेला उंचवटा नाही आणि काच सपाट बसते. नाहीतर कडेला हवा राहते, तिथे टच चुकतो, आणि ती काच तुम्ही आठवड्याभरात स्वतःच काढून टाकाल.