सेमूर डंकन हॉट रेल्स: गुणगुण गेली, पण काळी वायर नीट बघून लावा

साताऱ्यात आमचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे. लग्न, गणपती, गावच्या यात्रा, जिथून सुपारी येईल तिथे जातो. माझी इलेक्ट्रिक गिटार स्क्वायर कंपनीची ॲफिनिटी स्ट्रॅट. नऊ वर्षांत हात असा बसलाय की दुसरी घ्यायचं मनात येत नाही. त्रास एकच, ब्रिज पिकअपची गुणगुण. (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारा चुंबक-कॉइलचा भाग. ब्रिज पिकअप तारा जिथे अडकवतात त्या टोकाजवळचा.) घरी ती खपून जायची. मंडपात मात्र लाइटचे डिमर आणि आमचा ॲम्प एकाच लाइनवर आले, की भावगीताच्या दोन ओळींमधल्या शांत जागेत तीच आधी ऐकू यायची. आमच्या गायिका ताई कधी बोलल्या नाहीत, पण त्या एकदा मागे वळून बघायच्या आणि मला फार वाईट वाटायचं.

म्हणून सेमूर डंकन कंपनीचा हॉट रेल्स हा पिकअप घेतला. आकार जुन्या सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपचाच, त्यामुळे लाकूड कोरावं लागत नाही. आत दोन अरुंद कॉइल शेजारी-शेजारी असतात. त्यांचं वाइंडिंग उलटसुलट आणि चुंबकाची बाजूही उलट. तारेचा आवाज दोन्हींकडून मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींत विरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली ज्या हंबकरच्या (गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला, तेच हे तत्त्व, स्ट्रॅटच्या खाचेत बसवलेलं. पैसे मोजताना हात जड झाला, हे खरं.

मागे एकदा स्विचचं काम बाहेर दिलं होतं. चालू कार्यक्रमात आवाज खरखरून बंद पडला. उघडून पाहिलं तर ड्राय सोल्डर, राखाडी गोळा नुसता चिकटलेला. तेव्हाच ठरवलं, यापुढे स्वतः करायचं. पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन चाळीस वॅटचं सोल्डरिंग गन, 60/40 सोल्डर आणि हीट श्रिंक ट्यूब आणली. पंचवीस वॅटवर वायरी जुळतात, पण पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाची) पाठ तापत नाही आणि ड्राय सोल्डर तिथेच होतो. पाठ आधी पॉलिश पेपरने घासली. ॲफिनिटीचे पॉट लहान असतात, जास्त वेळ टोक टेकवून ठेवलं तर आतून जातात. दोन-तीन सेकंदांत सोल्डर चकचकीत पसरला पाहिजे, नाहीतर हात काढायचा, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा यायचं.

तारा सैल केल्या, अकरा स्क्रू वाटीत ठेवले, पिकअप बसवलेली प्लेट उलटी करून सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो काढले. जुन्या पिकअपची पांढरी वायर स्विचला होती, काळी व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. इथेच खरी चूक होते. आपल्या डोक्यात काळी म्हणजे अर्थिंगची वायर. डंकनच्या चार वायरींच्या पिकअपमध्ये काळी हीच हॉट, म्हणजे आवाजाचा सिग्नल नेणारी! ती स्विचला जाते. हिरवी आणि उघडी तार पॉटच्या पाठीवर. लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून, वर हीट श्रिंक घालून बाजूला ठेवायच्या, त्या कुठेही जात नाहीत. दुसऱ्या कंपनीचा पिकअप असेल तर हे रंग धरू नका. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपची हॉट वायर लाल असते.

स्क्रू लावायच्या आधी ॲम्पला जोडून स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर टकटक केलं. ब्रिज एकटा ठणठणीत. स्विच दुसऱ्या खाचेवर, म्हणजे मधल्या पिकअपसोबत आणला, आणि आवाज एकदम बारीक, नाकातून आल्यासारखा. दोघांचं फेज उलटं पडलं होतं, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडत होते. चार वायरी असल्याचा फायदा तेव्हा कळला. हिरवी आणि काळी यांची अदलाबदल केली, उघडी तार अर्थलाच ठेवली, आणि आवाज भरला.

आता वाजवण्याचं. मल्टिमीटरवर जुना सहा किलोओहमच्या आत होता, हा सोळाच्या वर दाखवतो. आवाजाचा जोरही जास्त, तो हातालाही जाणवतो. डिस्टॉर्शनवर सूर लांबतो. जुन्या पिकअपवरच्या सहा खुंट्यांच्या जागी सलग पट्ट्या असल्यामुळे तार ओढताना आवाज मध्येच पडत नाही. मींड घेणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त तारेच्या फार जवळ आणू नका, चुंबकाच्या ओढीने वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मी तीन मिलिमीटरभर अंतर ठेवलंय.

गेलं काय, तर स्ट्रॅटचा तो काचेसारखा टणत्कार. कोळीगीतात मला तो हवा असतो, इथे मिळत नाही. माझे पॉट 250 के (किलोओहम) आहेत, त्यामुळे आवाज आणखी दबतो. 500 के घातले तर खुलेल, पण मग बाकीचे दोन पिकअप टोचायला लागतील, म्हणून तसेच ठेवलेत. दुसऱ्या खाचेवर थोडी गुणगुण अजून येते, कारण मधला पिकअप जुनाच आहे.

ज्यांना घरी बसून स्वच्छ, टणटणीत आवाज हवा, त्यांनी हा घेऊ नये. मंडपात वाजवणाऱ्याने जरूर घ्यावा. परवा वडूजला हळदीचा कार्यक्रम होता. अंतऱ्याआधी ताई थांबल्या, मी व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून हात तारांवरून उचलला, आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. या वेळी त्या मागे वळल्या नाहीत.