‘१२० फिल्म चालते’ म्हणून विकलेला ६२०चा कॅमेरा

कोडॅक रिफ्लेक्स हा १९४६ साली आलेला अमेरिकी ट्विन-लेन्स कॅमेरा, म्हणजे वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालच्या लेन्सने फोटो काढायचा. वरची आणि खालची लेन्स दात्यांनी एकमेकींना जोडलेली, त्यामुळे एक फिरवली की दुसरीही फिरते. निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटर. अडचण एकच: तो ६२० नावाच्या रोल फिल्मवर चालतो, कोडॅकने ६२० बनवणं १९९५ साली बंद केलं, आणि आज सहज मिळते ती १२० फिल्म. म्हणून जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात ‘१२०साठी कन्व्हर्टेड, टेस्टेड, वर्किंग’ असं वाचलं की गिऱ्हाईक भुलतं आणि साध्या ६२०च्या दुप्पट पैसे मोजतं. अशा एका व्यवहारात आलेला कॅमेरा उघडल्यावर काय निघालं, ते नीट सांगतो. हाच माल पुन्हा पुन्हा विकायला येतोय.

आधी मुळात फरक किती, ते बघा. १२० आणि ६२० या दोन्हींतली फिल्म तीच, साधारण ६१.५ मिलिमीटर रुंद. मागचा कागदही तोच आणि त्यावरचे आकडेही त्याच जागी. वेगळं आहे ते फक्त स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायचं रीळ. १२०च्या स्पूलची चकती साधारण २५ मिलिमीटरची, ६२०ची साधारण २३ची. ६२०चा मधला दांडा बारीक, आणि टोकाची खाच, जिच्यात वाइंडिंगची किल्ली बसते, तीही लहान. म्हणजे २ मिलिमीटरसाठी हा सगळा खटाटोप.

या कॅमेऱ्यात विक्रेत्याने रोलच्या कप्प्याची भिंत कानशीने घासून काढली होती. घासलेल्या जागी काळा रंग नव्हता, उघडा धातू चकचकत होता. तिथून उजेड परावर्तित होतो आणि उन्हातल्या फोटोंत एका कडेला धुरकट पट्टा येतो. कानस पुढे सरकून ज्या रुळांवर फिल्म सपाट बसते त्यातल्या एका रुळाच्या टोकालाही लागली होती. त्यामुळे f/३.५ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, चौकटीचा एक कोपरा कायम मऊ. गिऱ्हाइकाला वाटतं लेन्समध्ये दोष आहे, आणि तो बिचारा लेन्स साफ करून घेण्यावर आणखी पैसे घालतो. धातूचा कीस तर सगळीकडे. मागची लेन्स, शटरची पाती, लेन्सच्या दात्यांमधलं ग्रीस, काही सुटलं नव्हतं. ग्रीसमध्ये कीस गेला की फोकस फिरवताना करकर लागते, आणि मग सगळं खोलून धुण्याशिवाय इलाज नाही.

खरी लबाडी मात्र दुसऱ्या कप्प्यात होती, जिथे वापरलेली फिल्म गुंडाळली जाते. वाइंडिंगची किल्ली ६२०च्या खाचेच्या मापाची, १२०च्या स्पूलमध्ये ती सैल पडते. रुंद करण्यासाठी तिच्यावर एपॉक्सीचा थर दिलेला. जाहिरातीतल्या व्हिडिओत नॉब झक्क फिरताना दिसतो, कारण आत स्पूल रिकामं आहे! भरलेला रोल ओढायला लागतो तेव्हा थर तडकतो, किल्ली घसरते आणि फोटो एकमेकांवर चढतात. स्पूलचे फेरे मोजून आकडा दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत आणखी एक भानगड होते. दांडा जाड झाला की दर फेऱ्याला जास्त फिल्म ओढली जाते, मग चौकटींमधलं अंतर वाढतं आणि शेवटचा फोटो फिल्मबाहेर जातो. मागच्या लाल खिडकीतून आकडा पाहून फिल्म सरकवायची असेल तर हा त्रास नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे बॅक (मागचं झाकण) उघडून, समोरून, चांगल्या उजेडात काढलेला फोटो मागा. दोन्ही कप्पे पूर्ण दिसले पाहिजेत. नुसता लेन्सचा आणि नेमप्लेटचा फोटो पाठवणाऱ्याचा नाद सोडा. ‘टेस्टेड’ म्हणत असेल तर न कापलेली निगेटिव्हची पूर्ण पट्टी खिडकीच्या उजेडावर धरून फोटो पाठवायला सांगा. बाराच्या बारा चौकटी आणि मधली मोकळी जागा त्यात दिसते. स्कॅन केलेला एक सुंदर फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

कॅमेरा हातात आल्यावर वापरलेल्या १२० रोलचा कागद लॅबमधून आणा. तो स्पूलवर घट्ट गुंडाळून कॅमेऱ्यात भरा आणि बॅक उघडी ठेवून, कागद बोटाने दाबून धरत पुढे सरकवा. दर आकड्याला फिल्मगेटच्या (ज्या चौकोनातून उजेड फिल्मवर पडतो, त्याच्या) आतल्या कडेने बॉलपेनने चौकोन आखा. चौकोन साधारण ५६ मिलिमीटरचे येतात, त्यांच्यामध्ये मोकळी पट्टी हवीच. चौकोन एकमेकांत घुसले तर किल्ली घसरतेय किंवा मोजणी चुकतेय. मग रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं तिथे) उघडं ठेवा, आणि दोनतीन मीटरवरच्या वर्तमानपत्राचा मथळा चारही कोपऱ्यांत भिंगाने पाहा. शेवटी अंधाऱ्या खोलीत लहानसा एलईडी आत ठेवून बॅक लावा. फटीतून उजेड दिसला तर बॅकची ओठासारखी कडही घासली गेली आहे, आणि ती पुन्हा बनत नाही.

आमचं मत विचाराल तर ६२०चा कॅमेरा न घासलेलाच घ्यावा. ६२०ची दोन रिकामी स्पूलं पुरतात. चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून काम करायची उजेडबंद पिशवी) १२०चा रोल पहिल्या ६२० स्पूलवर गुंडाळायचा, की तो उलटा होतो. तिथून दुसऱ्यावर गुंडाळला की सुलटा. पहिलं स्पूल मोकळं झालं, ते कॅमेऱ्यात फिल्म गुंडाळून घेणाऱ्या कप्प्यात लावायचं. फिल्म कागदाला फक्त एका टोकाला टेपने चिकटवलेली असते. गुंडाळताना तिथे फुगा येतो, तो बोटाने चाचपून टेप उचलून पुन्हा सरळ लावावी लागते, नाहीतर पहिल्याच फोटोवर घडी. आणि लॅबमध्ये रोल देताना ‘स्पूल परत हवं’ असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. तिथे रिकामी स्पूलं सर्रास कचऱ्यात जातात.

प्रत्येक बदल म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. १९२९चा पहिला रोलायफ्लेक्स ११७ फिल्मचा होता, एका रोलवर जेमतेम ६ फोटो. त्यातले बरेच पुढे १२०साठी बदलून घेतले गेले. नीट काम असेल तर कडा गुळगुळीत आणि काळ्या असतात, किल्ली एकाच धातूची असते, एपॉक्सी कुठेच नसतं.

१९५८च्या याशिका ६३५ बाबत लबाडी वेगळ्या पद्धतीची. तो १२० आणि ३५ मिमी दोन्ही घेतो खरा, पण ३५ मिमीसाठी वेगळा संच लागतो: कॅसेट आणि स्पूल धरणारे अडॅप्टर, चौकटीचा मास्क आणि प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी). संच हरवलेला कॅमेरा ‘दोन्ही फॉरमॅट’ म्हणून पूर्ण भावात खपवतात. कॅसेटला पुठ्ठा लावून काम भागेल, असं वर सांगतात. भागत नाही. ५६ मिलिमीटरच्या उघड्या गेटवर ३५ मिलिमीटरच्या फिल्मला कडेचा आधारच मिळत नाही, ती पोटाशी वाकते आणि फोकस जातो. लुबितेल १६६ युनिव्हर्सलचा ६ बाय ४.५चा मास्कही असाच गायब असतो, तो वेगळा मागून घ्या.

परदेशातून माल आला तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही कप्प्यांचे जवळून फोटो घ्या. एकही स्क्रू हलवू नका. हलवलात की विक्रेता ‘तुम्हीच उघडून बिघडवला’ म्हणतो. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याचे पैसे फक्त अशा फोटोंमुळे परत मिळाले. भरलेली कस्टम ड्युटी मात्र गेली ती गेलीच.