७०-२०० एफ/२.८ : कॅनन, निकॉन, सोनी आणि एक टॅमरॉन

लग्नकार्य, नाटक, कबड्डीचे सामने आणि वारी यांपैकी कोणत्याही ठिकाणी व्यावसायिक छायाचित्रकाराच्या हातात हमखास दिसणारी लेन्स म्हणजे ७०-२०० मिमी एफ/२.८, दूरचे जवळ आणणारी आणि कमी प्रकाशातही चालणारी झूम. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी कॅनन, निकॉन आणि सोनी यांनी काढलेल्या या लेन्स मी आलटूनपालटून वापरल्या आहेत. केवळ चित्राच्या स्पष्टतेवरून त्यांच्यात डावे-उजवे करण्यात आता फारसा अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवूनही तिघींचे काम इतके चोख आहे, की फरक शोधण्यासाठी चित्राचा कोपरा पडद्यावर मोठा करून पाहावा लागतो. आणि ज्याने अल्बमचे पैसे मोजले आहेत तो तसे कधीही पाहत नाही. निवड करायची ती बांधणी, वजन आणि त्या माउंटबरोबर (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याच्या खाचेबरोबर) येणाऱ्या अटी पाहूनच.

कॅननने २०१९ मध्ये आणलेली आरएफ लेन्स झूम करताना पुढे सरकते. मिटलेल्या अवस्थेत तिची लांबी जेमतेम १४६ मिमी भरते आणि कॉलर (लेन्स ट्रायपॉडला जोडायचे कडे) काढल्यास वजन १,०७० ग्रॅम होते. आधीच्या, आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीच्या ईएफ लेन्सची तिसरी आवृत्ती १,४८० ग्रॅमची होती. एसटीने किंवा दुचाकीवरून फिरून काम करणाऱ्याला या आटोपशीरपणाचे मोल वेगळे सांगायला नको. त्याची किंमत मात्र दुसरीकडे चुकवावी लागते, कारण या लेन्सला टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारे जोडभिंग) बसतच नाही आणि गिंबलवर (व्हिडिओसाठी कॅमेरा तोलून धरणाऱ्या साधनावर) झूम बदलला की तोल नव्याने साधावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅननने ‘झेड’ हे अक्षर जोडलेली दुसरी लेन्स जाहीर केली. तिची लांबी झूम करताना बदलत नाही, टेलिकन्व्हर्टर चालतो आणि वजनही १.१ किलोच्या आसपासच राहिले आहे. फिल्टरचा व्यास मात्र ७७ वरून ८२ मिमी झाल्याने घरातले जुने फिल्टर तिला चालत नाहीत.

पुढे सरकणाऱ्या नळीचा प्रश्न वारीत खऱ्या अर्थाने जाणवतो. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात अश्व धावू लागले की उडणारी धूळ नळीवर बसते, आणि ब्रशने झटकल्याशिवाय ती मिटवायला माझे मन धजावत नाही. लेन्सला धूळरोधक रबर असते हे मान्य, पण नळीवर धूळच न बसण्याची सोय केव्हाही चांगली.

याच रिंगणात आणखी एका छोट्या बटणाची परीक्षा होते. अश्व समोरून येत असताना दोन-तीन मीटरवरच्या वारकऱ्याची पताका मध्ये फडफडते आणि फोकस झटकन तिच्यावर जातो. फोकसची मर्यादा ठरवणारे बटण कॅननच्या २०१९ च्या लेन्समध्ये अडीच मीटरपासून, सोनीत तीन मीटरपासून आणि निकॉनमध्ये पाच मीटरपासून पुढे काम करते. पताकांच्या गर्दीत निकॉनची मर्यादाच सर्वांत उपयोगी ठरते. माहितीपत्रक वाचताना या आकड्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

निकॉनची झेड लेन्स (२०२०) तिघींत वजनदार असून कॉलरशिवाय १,३६० ग्रॅम आणि कॉलरसह १,४४० ग्रॅम भरते. दिवसभराच्या लग्नात मनगटाला ते जाणवते. नाट्यगृहात मोनोपॉड (एकपायी आधार) लावून बसल्यावर मात्र हेच वजन स्थैर्य देते, आणि अंधारात अ‍ॅपर्चर किंवा अंतर दाखवणारा वरचा छोटा पडदा तिथे खरोखर कामी येतो. १.४ पट टेलिकन्व्हर्टर लावल्यास शेवटच्या रांगेतूनही नटाचा चेहरा चौकटीत भरतो. फक्त अ‍ॅपर्चर एफ/४ होते, म्हणजे प्रकाश निम्मा होतो, आणि तेवढा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो.

सर्व बाजूंनी तोलून एकच घ्यायची झाली, तर मी सोनीची २०२१ ची जीएम दुसरी आवृत्ती घेईन. पहिल्या आवृत्तीचे १,४८० ग्रॅम वजन तिने १,०४५ वर आणले, आणि तेही झूम आतल्या आत ठेवून. ७० मिमीला ती ०.४ मीटरवर आणि २०० मिमीला ०.८२ मीटरवर फोकस करते. त्यामुळे मुंडावळ्यांचे मोती किंवा मेंदी टिपायला वेगळी मॅक्रो लेन्स काढण्याची वेळ क्वचितच येते. निकॉनला २०० मिमीवर त्यासाठी पूर्ण एक मीटर अंतरापर्यंत मागे सरावे लागते, आणि मंडपात मागे सरायला जागा असतेच असे नाही.

बजेट आखडते असेल तर सोनी माउंटवर टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ जी२ (दुसरी आवृत्ती, २०२३) अवश्य पाहावी. हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरण असूनही ती ८५५ ग्रॅमची आहे आणि साखरपुडा, बारसे, मुलाखती अशा कामांना पुरून उरते. तिच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. सोनी आपल्या माउंटवर इतर कंपन्यांच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर लावू देत नाही, आणि ए९ थ्रीसारख्या सेकंदाला १२० चित्रे घेणाऱ्या बॉडीवरही अशा लेन्सचा वेग १५ वर अडतो. शिवाय तिला ट्रायपॉड कॉलर नाही, म्हणून मोनोपॉड कॅमेऱ्याच्या बुडालाच लावावा लागतो, आणि कबड्डीत चढाईपटू उसळला की उभी चौकट धरायला कॉलरमध्ये नुसती फिरवण्याची सोय मिळत नाही.