'ग्लोरी ऑफ द सी' सांगून १४,५०० घेतले, पाठवला टेक्स्टाइल कोन

कोन शंख ऑनलाइन घेणार असाल तर शेंड्याचा फोटो आल्याशिवाय एक रुपया टाकू नका.

बडोद्यात राहतो, शंख जमवतोय वीस वर्षं झाली, त्यामुळे "तुम्हाला एवढं पण कळलं नाही?" हे प्लीज विचारू नका, घरात रोज ऐकतोय. एका ग्रुपवरचा माणूस म्हणाला कोनस ग्लोरियामॅरिस, म्हणजेच 'ग्लोरी ऑफ द सी', देतो, ११ सेंटीमीटर, सोलोमन बेटांवरचा. १७७७ मध्ये केमनित्स नावाच्या शंख-अभ्यासकाने वर्णन केलं तेव्हापासून कितीतरी वर्षं याचे जगात मोजकेच नग होते, १९६९ ला सोलोमनमधल्याच ग्वाडलकनाल बेटाजवळ डायव्हर्सना त्याची जागा सापडली आणि भाव उतरले. हे मला माहीत होतं म्हणूनच तर किंमत खरी वाटली. २,००० टोकन, मग ११,०००, मग पॅकिंग-इन्शुरन्सचे म्हणून १,५००.

पहिल्याच फोटोत शेंड्यावर त्याचा अंगठा होता. तिथेच थांबायला हवं होतं. ग्लोरियामॅरिस सडपातळ, शेंडा उंच निमुळता, अंगावर अगदी बारीक त्रिकोणांची जाळी. टेक्स्टाइल, म्हणजे मला आलेला तो सहज मिळणारा कोन, पोटाशी फुगलेला, त्रिकोण मोठे, आणि पिवळट-तपकिरी पट्ट्यांत उभ्या काळपट नागमोडी रेघा. त्या रेघा दिसत होत्या हो! मी झूम करून बघितल्या आणि सावली असेल म्हणून सोडून दिल्या, कारण रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि तो सारखा म्हणत होता दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. पट्टी ठेवून फोटो मागितला तर नेटवर्क नाही म्हणे. पट्टी ठेवायला नेटवर्क लागतं का?

पार्सल यायच्या दिवशी रावपुऱ्यातून शोकेसची काच कापून आणली, ३५० रुपये. खोका उघडला आणि पोराच्या कंपासमधली पट्टी लावली, ८.२. शंखाच्या ओठाची कड कानशीने घासलेली, बोटाला पांढरी भुकटी लागली.

बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पोलिसांकडे तीन चकरा. पहिल्यांदा "भाई, शंख माटे साडा चौद हजार?" म्हणून सगळे हसले. दुसऱ्यांदा साहेब नाहीत. तिसऱ्यांदा म्हणे वस्तू मिळाली ना, मग फ्रॉड कसला, आणि वर मलाच विचारतात शंख ठेवणं कायदेशीर आहे का! अर्ज घेतला पण पोच दिली नाही, मागितली तर उद्या या. माझे पैसे गेले आणि उभं राहून खुलासे मीच करायचे? पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मी आधी त्या माणसालाच फोन करत बसलो आणि दोन दिवस गेले.

काल ग्रुपवर पुन्हा तोच फोटो दिसला, तोच अंगठा. आता 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणून २२,००० ला टाकलाय. खरा निघाला तरी हात लावू नका, 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणजे कोनस मिल्नेएडवर्डसी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, विकत घेणारा पण अडकतो. मी खाली कमेंट केली तर चार मिनिटांत मलाच ब्लॉक केलं.