मार्केट यार्डामागची जिम: एका हमालाचा अनुभव

लातूरच्या मार्केट यार्डात 19 वर्षं झाली पोती उचलतोय. पूर्वी शंभर किलोचं पोतं असायचं, आता पन्नासचा कट्टा. तरी मागच्या दिवाळीआधी, सोयाबीनची आवक जोरात असताना, कट्टा पाठीवर घेऊन वळलो अन् कंबरेत अशी चमक भरली की जागीच बसलो. 18 दिवस घरी. तेवढी हमाली बुडाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, कंबर बळकट करा.

दिवसभर वजनच उचलतो, आणखी कसला व्यायाम, असं मला वाटायचं. तरी यार्डामागच्या जिमला गेलो. तिथल्या सरांनी वाळू भरलेला कट्टा पुढ्यात ठेवला. "मामा, रोज उचलता तसा उचला." मोबाईलवर शूटिंग करून मलाच दाखवलं. गुडघे ताठ, पाठ गोल, अन् पाय न हलवता कंबरेतूनच पीळ. पोतं कायम उजव्या खांद्यावर, त्यामुळं डाव्या हातात 20 किलोचा डंबेल घेऊन चाललो तर अंग कलायचं.

पहिला महिना वजन नाहीच. पाठीला उभी काठी लावायची; डोकं, पाठ अन् माकडहाड, तिन्ही जागी ती टेकलेली ठेवून कुल्ले मागं ढकलत वाकायचं. सोपं वाटतं, पण मला आठ दिवस जमलं नाही. मग 20 किलोचा नुसता बार, म्हणजे लोखंडी दांडा; आता डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून ताठ उभं राहणं, 80 किलोपर्यंत आलीय. आठवड्यात तीनच दिवस. ज्या दिवशी गाड्या जास्त खाली केल्या, त्या दिवशी सर बारला हात लावू देत नाहीत. थकल्या अंगानं वाकणं चुकतं म्हणतात. ही गोष्ट मला सगळ्यात पटली.

फी महिना 700, आमच्या मानानं जास्तच. रात्री आठला बंद होते, सीझनमध्ये आम्ही तवर यार्डातच असतो. साडेनऊपर्यंत उघडी ठेवा, असं सरांना सांगितलंय. पंखा एकच.

पण यंदाचा सीझन मी कंबरपट्टा न बांधता काढला. कट्टा घेऊन वळताना आधी पाय वळतात, आता सांगावं लागत नाही. पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर मात्र जिम नंतर, आधी डॉक्टर.

आमच्या टोळीतला 22 वर्षांचा पोरगा अजून कंबरेतूनच वळतो. सोमवारी त्याला घेऊन जाणार आहे, पहिल्या महिन्याची फी मी भरतो म्हणालो.