मे महिन्यातले दुपारचे जेवण : कण्या-ताक की आंबील?

मे महिन्यात पोळी, भाजी, वरण, भात असा चारीठाव स्वयंपाक दोन्ही वेळा करायचा नाही, एवढे विदर्भातल्या बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते. पारा 45 अंशांच्या वर गेला की तेलाची भाजी ताटात तशीच राहते, आणि टिनाच्या छपराखाली अकरानंतर चूल किंवा गॅस पेटवणाऱ्याचे हाल तर खाणाऱ्याहून अधिक होतात. तेव्हा पहाटे एकदाच शिजवून ठेवावे आणि दुपारी गरम न करता खाता यावे, असे काय करायचे हा खरा प्रश्न आहे. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्याचे गणित वेगळे असल्यामुळे ते येथे बाजूला ठेवतो. अकोला, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ या ज्वारी ओळखणाऱ्या भागात मात्र निवड बहुधा दोहोंतच होते : ज्वारीच्या कण्या आणि ताक, किंवा ज्वारीची आंबील, म्हणजे आंबवलेले पीठ शिजवून केलेले पातळ पेय. आमच्या घरी दोन्ही होत आले आहे. अलीकडे मी आंबिलीकडे वळलो, पण त्याचे कारण चवीचे नाही.

चवीचाच निकाल लावायचा तर कण्या सरस ठरतात, असे माझे मत आहे. कोंडा पाखडून काढलेली भरड ज्वारी मंद आचेवर नीट शिजली की कणी मऊ होते, पण तिचा लगदा होत नाही. तीवर गार ताक ओतून मीठ, हाताने फोडलेला कांदा आणि जवसाची चटणी घेतली की जेवल्यासारखे वाटते, कारण चावायला काही असते. वावरात पऱ्हाटी उपटण्याचे किंवा शेणखत पसरण्याचे काम करणाऱ्या माणसाला त्या आधारावर संध्याकाळ गाठता येते. आंबील प्यायलेल्या माणसाला तीनच्या सुमारास पुन्हा भूक लागते, ही तक्रार मी घरात ऐकली आहे आणि ती खोटी नाही. शिवाय आमच्याकडे आंबील म्हटली की भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचा नैवेद्य आठवतो. एरवी रोज तीच प्यायची म्हटले तर काही जणांना ती आजाऱ्याची पेज वाटते.

आचेपाशी किती वेळ घालवावा लागतो, या मुद्द्यावर पारडे थोडे फिरते. कण्यांना अर्धा तास सहज लागतो आणि ज्वारी जुनी असेल तर त्याहून अधिक लागतो, मात्र एकदा पाणी बेताचे घातले की त्या आपल्या आपण शिजत राहतात. आंबील दहा-पंधरा मिनिटांत होते, पण तेवढा वेळ तिच्यापाशी उभे राहून ढवळावेच लागते. कण्यांसाठी चक्कीवर भरड दळून घ्यावी लागते आणि गर्दीच्या वेळी दगड सैल करायला चक्कीवाला कुरकुरतो, हाही एक लहानसा जाच आहे. मात्र तयार कण्या आता तालुक्याच्या बाजारातही पाकिटात मिळू लागल्या आहेत, त्यामुळे त्यावर अडून बसण्याचे कारण नाही.

मला अडवले ते ताकाने. कण्या ताकाशिवाय घशाखाली उतरत नाहीत, आणि ताक वरून चमचाभर घेऊन भागत नाही, माणशी चांगले गडवाभर तरी लागते. नेमक्या याच दिवसांत हिरवा चारा संपलेला असतो, जनावर उन्हाने धापा टाकत असते आणि दूध आटते. ज्याच्या गोठ्यात दुभती म्हैस नाही, त्याने रोज शेजारी मागायचे. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो हे खरे असले, तरी भांडे उघडपणे पुढे केल्यावर शेजारणीने स्वतःच्या लेकरांच्या वाट्याचे ताक पाणी घालून वाढवलेले दिसते, तेव्हा उद्या पुन्हा जाण्याचा धीर होत नाही. पाकिटाच्या दुधाला विरजण लावून पाहावे, तर मेच्या उकाड्यात सकाळी घुसळलेले ताक दुपारी वावरात पोचेपर्यंत कडक आंबते, वर निवळ पाणी आणि खाली चोथा होतो. तोवर दुसऱ्या डब्यातल्या कण्या आळून त्यांचा गोळा झालेला असतो, आणि तो मोडायला पुन्हा ताकच हवे असते. मोठ्या पिंपात बर्फ घालून ताक नेणारी माणसे आहेत, पण तेवढा खटाटोप मला रोज झेपला नाही.

आंबिलीला ताक लागते ते दोन चमचे, तेही पीठ आंबायला लावण्यापुरते. संध्याकाळी ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून त्यात ते घालावे आणि भांड्यावर फडके बांधून ठेवावे. थंडीत जे आंबायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस घेते, ते मे महिन्यात सहा-सात तासांत तयार होते. पहाटे भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात आणि वास आंबूस पण गोडसर येतो. वास नाकात चढणारा असेल तर वर साचलेले पाणी ओतून टाकून ताजे पाणी घालावे, म्हणजे आंबटपणा आवाक्यात येतो. मग मोठ्या गंजात पाण्याला उकळी आणून त्यात जिरे, ठेचलेला लसूण आणि मीठ घालावे, आणि कालवलेले पीठ बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. येथे हात थांबला की गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही घोटल्या तरी पुरत्या मोडत नाहीत. पांढुरका रंग जाऊन मिश्रणाला तकाकी आली आणि कच्च्या पिठाचा वास गेला की ती शिजली असे समजावे. निवल्यावर ती आळते, म्हणून उतरवतानाच वाटते त्याहून पातळ ठेवलेली बरी. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो.

अशी आंबील गंजाभोवती ओले फडके गुंडाळून सावलीत ठेवली तर दुपारपर्यंत चांगली राहते, मात्र उरलेली संध्याकाळसाठी ठेवू नये. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि आंबिलीतून ती दोन्ही एकत्र मिळतात. तीच गोष्ट ताकाचीही आहे, म्हणून त्यावर मी फारसा जोर देत नाही. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. शिवाय ज्याला ऊन लागून अंग तापले आहे आणि जो असंबद्ध बोलू लागला आहे, त्याला यातले काहीही पाजत बसू नये; सावलीत घेऊन अंगावर पाणी मारावे आणि तातडीने दवाखाना गाठावा.

घरचे दुभते असेल, किंवा जेवणारे घरातच पंख्याखाली बसणार असतील, तर मी कोणालाही कण्या सोडा असे म्हणणार नाही. लेकरांना तर त्या दूध-गुळासोबतच आवडतात. दात नसलेली वडीलधारी माणसे आणि वावरात जाणारी शिदोरी यांच्यासाठी मात्र मला आंबीलच अधिक भरवशाची वाटते. तीन वाजताच्या भुकेवर आमच्या घरी एक तोड निघाली आहे : उकळत्या पाण्यात आधी मूठ-दोन मूठ कण्या टाकून त्या मऊ शिजू द्यायच्या आणि त्यानंतरच आंबवलेल्या पिठाची धार सोडायची. हा क्रम उलटा केला तर पीठ तळाला लागते आणि कण्या कच्च्या राहतात.