परसातल्या लाकडी शेडला पाण्यातला रंग: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

लाकडाला ऑइलपेंट आणि भिंतीला पाण्यातला रंग, हे आमच्याकडे इतकं पक्कं ठरलेलं आहे की वेगळं काही मागितलं तर दुकानदार एकदा मान वर करून बघतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही मागच्या परसातली शेड रंगवली. फळ्यांना बाहेरच्या कामाचा ऍक्रिलिक, म्हणजे पाण्यातला रंग लावला, दाराला ऑइलपेंट. उन्हाळा सरला, सप्टेंबरचा पाऊसही झाला, आता लिहायला हरकत नाही. फळ्या अजून ठणठणीत आहेत, दाराचं मात्र वाजलं. पण पाण्यातल्या रंगाच्याही कुरबुरी आहेत आणि त्या काउंटरवर कोणी सांगत नाही.

शेड आठ बाय सहा फुटांची, जुळे सोलापुरात घरामागे. एमआयडीसीत मशिनरीची मोठी खोकी येतात, ती फोडून विकलेल्या चीडपाइनच्या फळ्या; वर पत्रा, खाली शहाबादी. दार एका जुन्या वाड्यातलं सागवानी. त्यावर ऑइलपेंटचे थरावर थर आधीच होते, म्हणून त्याला ऑइलच ठेवला. दार आणि एक लांब बाजू पश्चिमेला तोंड करून, म्हणजे दुपारपासून मावळेपर्यंतचं ऊन दोघांनाही सारखंच.

पेंटरमामांना हे पटलेलं नव्हतं. "ओ मालक, लाकडाला ऑइलच पायजे. ह्यो पावसात धुऊन जातंय बघा." म्हटलं, मामा, गेला तर पुढच्या वर्षी तुमच्याच हातानं ऑइल मारा.

मुळात सोलापुरात पावसाचा धाक घालण्यात अर्थ नाही. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. इथं रंगाला खातं ते ऊन. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, आणि पश्चिमेच्या फळीला तर त्याहून जास्त भाजून निघावं लागतं. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. उघडं लाकूड राखाडी पडतं ते त्यामुळेच. अशा राखाडी लाकडावर थेट रंग चढवला तर तो वरच्या सुट्या झालेल्या तंतूंना धरतो आणि त्यांच्यासकट सुटतो.

ऑइलपेंटची अडचण आणखी वेगळी. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतो, आणि हे सुकणं दोन दिवसांत संपत नाही, पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं. थर कडक होत जातो. लाकूड मात्र उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि तो कडक थर तडकतो. ऍक्रिलिक लाकडाबरोबर थोडा ताणला जातो.

मेअखेर दाराजवळ उकिडवा बसून नीट पाहिलं. खालच्या फळीवर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं केसाएवढ्या उभ्या भेगा. बिजागरीपाशी नखानं टोकरलं तर करंगळीच्या नखाएवढी खपली निघाली, तिच्या पाठीला आधीचा निळा रंग तसाच चिकटलेला. तळहात फिरवला तर हाताला हिरवट भुकटी. शेजारच्या पाइनच्या फळीवर तोच हात फिरवला, नुसती धूळ. दाराची बाजू घ्यायची तर एवढं म्हणता येईल की त्याचा रंग गडद हिरवा आहे आणि गडद रंग ऊन जास्त पितो. दुपारी तीनला दारावर हात टेकवून ठेवता येत नव्हता, फळीवर येत होता. तेव्हा हरवलं ते निम्मं ऑइलनं आणि निम्मं हिरव्यानं, असंही कोणी म्हणू शकेल. माझं मत तरी ऑइलच्याच विरोधात आहे.

फळ्यांना मातकट पिवळा घेतला. हिला तो 'चिखलाचा' वाटतो. पण गेरू, पिवळी माती हे सगळे लोहाचे ऑक्साईड, उन्हात सहसा विटत नाहीत. भडक लाल-जांभळ्याची तशी खात्री नसते.

खरी मेहनत रंगाच्या आधीची. 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं राखाडी थर जाऊन कोरं लाकूड दिसेपर्यंत घासलं, मग 120. दाराचे जुने थर घासताना सांभाळा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखात 90 भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती असेल सांगता येत नाही. पेपर ओला करून घासावं, तोंडाला मास्क लावावा, पोरांना लांब ठेवावं.

पाइनला गाठी फार, आणि गाठीतून राळ येते. प्रत्येक गाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात द्यायचे. वळचणीखालच्या दोन गाठी मामांच्या घाईत सुटल्या. तिथं एप्रिलमध्ये चहा सांडल्यासारखी वर्तुळं उमटली ती आजही आहेत. फळ्यांची कापलेली टोकंही महत्त्वाची. लाकूड सपाटीवरून पितं त्याच्या कितीतरी पट पाणी टोकातून ओढतं, त्यामुळे खालच्या टोकांना प्रायमर जास्तीचा पाजला. खाली काळी माती, पावसाचे शिंतोडे थेट त्या टोकांवर उडतात. फुगलेली फळी अजून एकही नाही. मात्र रंगानं वाळवी थांबत नाही, तिचं औषध वेगळं मारावं लागतं.

आता कुरबुरी. खिळे साधे लोखंडी होते. पाण्यातल्या रंगाखाली त्यांनी लगेच गंज धरला आणि प्रत्येक डोक्याखाली तांबडा ओघळ आला. डोक्यांवर आधी रेड ऑक्साईडचा (लोखंडाला गंजू न देणारा प्रायमर) ठिपका द्या किंवा गॅल्व्हनाइज्ड खिळे वापरा. दुसरं म्हणजे चिकटणं. खिडकीचं पान आणि चौकट दोन्हींना हाच रंग. रंग वाळून महिने झाले होते, तरी एप्रिलच्या उन्हात पान असं बसलं की उघडताना चर्र आवाज येऊन कडेचा रंगच निघाला. ऍक्रिलिक उष्णतेत मऊ पडतो, रंगाला रंग टेकला की धरतो. तिथं मेणबत्ती घासली, आता बरं चाललंय. या एका ठिकाणी ऑइलपेंट सरस, हे मान्य.

थेट उन्हात हा रंग लावायला जाऊ नका. ब्रश परत फिरवेपर्यंत कड सुकते आणि फराटे राहतात. मामा सावली धरून काम करत होते, सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. ब्रश पाण्यानं धुता येतात हा फायदा डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, पण आमच्याकडे नळ रोज येत नाही. दोन बादल्यांत आलटून पालटून ब्रश खळबळून काढले. ते पाणी झाडांना घालू नका.

शेजारच्या काकांचा सल्ला होता की रंगच नको, जवसाचं तेल पाजा. अवजारांच्या दांड्यांना ते उत्तम आहे, मीही लावतो. पण नुसतं तेल ऊन अडवत नाही, शिवाय त्यावर बुरशी धरते. आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून शेडमध्ये टाकाल तर तो तापून आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्या गावात यंत्रमागाचं टाकाऊ सूत पुसायला सगळेच वापरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. असं सूत मोकळं पसरून वाळवावं, मगच टाकावं.

दोन हातांना चार लिटरचा डबा पुरला नाही, वर एक लिटर आणावा लागला, कारण फळ्या रंधा न मारलेल्या, खरखरीत. लिटरमागे तो ऑइलपेंटपेक्षा महाग पडला. पण टरपेंटाइन लागलं नाही आणि शेडमध्ये ठेवलेल्या चादरींना वासही लागला नाही.

मामा परवा येऊन फळी ठोकून बघून गेले. "बरा ऱ्हायलाय की," एवढंच म्हणाले. यंदा दिवाळीनंतर दार लाकडापर्यंत खरवडून त्यालाही हाच रंग द्यायचा आहे, फिकटच. चौकटीला टेकणाऱ्या कडा तेवढ्या ऑइलच्या ठेवणार. पश्चिमेच्या फळ्यांवर आणखी एक हात द्यायचा की नाही ते पुढचा उन्हाळा बघून ठरवू.